तानुबाईचा राघू आणि पिवळी गाडी

आटपाडी भागात मेंढरातलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं, असा वाद निघालाच तर तो फार वेळ टिकत नाही. शेंडगेवस्तीवरची तानुबाई, असं म्हणून लोक मोकळे होतात. पुरुषमंडळी हे जरा तोंड वाकडं करून म्हणतात, पण म्हणतात.

साठी तिनं कधीच मागं टाकली. अंगानं काटकुळी, कपाळाला भंडारा आणि तोंडाला लगाम नाही. दुसऱ्याचं मेंढरू आजारी दिसलं तर न बोलावता जाऊन सांगेल, आणि ऐकलं नाही तर ते मेल्यावर पुन्हा जाऊन सांगेल, "म्हणलं नव्हतं का मी?" अशा बाईवर लोक माया करतात ती जरा लांबूनच.

नवरा भाऊसो होता तोवर घरात मेंढरांचा मोठा कळप होता. दिवाळी झाली की कऱ्हाडाकडं उतरायचं, ऊसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना आणि दाणागोटा आपल्याला, पावसाच्या तोंडावर परत माघारी. भाऊसो हाडाचा मेंढपाळ, पण व्यवहारात भिडस्त. आणि बाजारात भिडस्त माणसाचं काय होतं ते सांगायला नको. जनावराचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा घोंगड्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. बाजूला माणसांची जत्रा उभी असली तरी भाव त्या दोन हातांतच राहतो. बाईमाणसाला त्या घोंगड्याखाली जागा नाही. तानुबाई भाऊसोच्या मागं उभी राहायची आणि त्याच्या कोपराकडं बघायची. समोरच्यानं गळ घातली की भाऊसोचं कोपर ढिलं पडायचं. कोपर ढिलं पडलं आणि भाव अजून यायचा असला, की तानुबाई खोकायची. खोकली की भाऊसोनं थांबायचं. व्यापारी बिचारे म्हणायचे, भाऊसोच्या बायकोला दमा आहे वाटतं.

दमा कसला! खणखणीत बाई.

भाऊसो गेला, आणि पोरगा बिरदेव म्हणाला, "आये, मेंढरामागं पाय झिजवायचं दिवस संपलं." त्यानं कळप विकला आणि शिरवळला हमरस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचा धंदा टाकला. बिरोबा मोटर्स. तानुबाई म्हणाली, "इक. पर एक मेंढी ठिवून जा." ती मेंढी ठेवली, तिला पुढं कोकरं झाली, आणि त्या वेलातला शेवटचा राघू. माडग्याळी जातीचा मेंढा. नाक असं बाकदार की त्याला राघू सोडून दुसरं नाव शोभलंच नसतं. त्याची आई विताना मेली, म्हणून तानुबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. त्या थंडीत तिला खरोखरीचा खोकला झाला होता. खोकला ऐकू आला की दूध येतं, एवढं त्या पिल्लाच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आता तो वासराएवढा झाला तरी त्याला हाक मारावी लागत नाही. तानुबाई खोकली की राघू असेल तिथून येतो.

राघूला बघायला माणसं येतात. विजापूरकडचा एक व्यापारी तर त्याच्या मागंच लागला होता. त्याला पैदाशीसाठी राघू पाहिजे होता, आणि तो सांगत होता तो भाव ऐकून वस्तीवरचे लोक पाणी मागत होते. तानुबाई त्याला दर वेळी एकच सांगायची, "चा पी आनि जा."

असं सगळं बरं चाललं होतं. मग बिरदेवला ती पिवळी गाडी दिसली.

बिरदेव धंद्यात तसा हुशार. कुठली गाडी पाण्यात बुडून आलीय, कुठली टॅक्सीत पळवून रंगवलीय, हे त्याला बॉनेट उघडल्याउघडल्या कळतं. पांढरी, डिझेलची, पहिल्या मालकाची गाडी आणायची, धुवून पुसून आठवड्यात काढायची, हा त्याचा नेम. पण माणूस घसरतो तो ठरलेल्या ठिकाणी नाही घसरत. विट्याकडचा एक गलाईवाला शेट, केरळात सोनं गाळायचा कारखाना असलेला, दिवाळीला गावी आला तो ही गाडी घेऊन. जर्मन बनावट, दोन दारं, जमिनीला टेकलेली, आणि रंग हळदीसारखा पिवळाधमक. शेटचा मणका दुखावला होता. त्याला त्या गाडीत खाली बसता येईना, आणि बसला की उठता येईना. "घेतोस का?" म्हणाला. बिरदेवनं चावी फिरवली, गाडी गुरगुरली, आणि हा गडी अख्खा बाजार विसरला. धंद्यातलं होतं नव्हतं ते भांडवल, वर भागीदाराचं, सगळं एका गाडीत घातलं.

त्याचा हिशेब असा, की पाचगणीला बंगलेवाले येतात, पुण्याचे हौशी येतात, चुटकीसरशी जाईल. गिऱ्हाइकं आलीही ढिगानं. फोटो काढून गेली. पासिंग केरळचं, एनओसी आणायची, इथला टॅक्स भरायचा, पार्ट पुण्या-मुंबईशिवाय नाहीत, आणि पुढं विकायची झाली तर घेणार कोण? पाडवा आला तरी गाडी जागची हलली नाही. भागीदार रोज उठून डोकं खायला लागला, की माझं मला दे आणि तुझी पिवळी उरावर घेऊन बस.

मग एक दिवस बिरदेव वस्तीवर आला. जेवला, हात धुतला, आणि आईकडं न बघता म्हणाला, "आये, जत्रेपातुर गाडी गेली तर गेली. न्हाईतर राघूला विजापूरवाल्याला देऊया. जत्रेच्या दुसऱ्या दिशी तो येतोय. दुसरा विलाज न्हाई."

तानुबाईनं ताट उचललं आणि घासायला बसली. ती गप्प बसली याचा अर्थ ज्यांना माहीत आहे ते अशा वेळी तिथून उठून जातात. बिरदेवही उठून गेला.

त्या दिवसापासून तानुबाईला त्या न बघितलेल्या गाडीचा ध्यास लागला. जिला ती शिव्या घालत होती, त्याच गाडीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून ती रोज बिरोबाला हात जोडत होती. आपलं आपल्यालाच हसू यावं अशी वेळ.

जत्रेच्या दिवशी बिरदेव पिवळी घेऊन वस्तीवर आला. जत्रेत व्हिडिओ काढायचा, मोबाइलवर टाकायचा, बघू कुणाचा डोळा पडतो का, हा त्याचा डाव. वस्तीच्या रस्त्यावरचे तीन गतिरोधक ओलांडताना गाडीचं पोट असं घासलं, की ऐकणाऱ्याच्या दाताला कळ जावी. पण बिरोबाच्या देवळासमोर उभी राहिल्यावर मात्र बघणाऱ्यांची वाचा बसली. ढोल वाजवणारी माणसं ढोल सोडून बघायला आली. शेजारची धोंडुबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! लय देखणी हाय गं तानू तुझी गाडी. नुसती बघतच ऱ्हावं!"

झालं. धोंडुबाईची नजर म्हणजे काय, हे तानुबाईला विचारा. हिनं ‘गुटगुटीत आहे’ म्हटलेलं कोकरू दोन दिवसांत लोळलेलं तिनं बघितलं होतं. आता हिच्या नजरेनं गाडी बसली तर विकायची कधी, आणि राघूचं काय? तिनं पुजाऱ्याच्या ताटातला मूठभर भंडारा उचलला, गाडीच्या बॉनेटवर फासला, आणि जन्मभर नजर लागलेल्या कोकराला भंडारा लावताना जे तोंडात आलं, तेच त्या खणखणीत आवाजात बाहेर पडलं, "देवा, ही तुजी! तुज्या नावानं सोडली! बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

"चांगभलं!" शे-दोनशे माणसं एका सुरात ओरडली.

पिवळ्या रंगावर पिवळा भंडारा, तो दिसलासुद्धा नाही. पण ऐकला सगळ्यांनी. आणि शब्द तोंडातून गेल्यावर तानुबाईच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. देवाच्या नावानं सोडलेलं जनावर विकत नाहीत. त्या वस्तीवर कुणी कधी विकलेलं नाही. ती तशीच देवळाच्या पायरीवर बसली.

बिरदेव गर्दीत व्हिडिओ काढण्यात गुंग होता. त्यानं आईचा आवाज ऐकला आणि हसला. त्याला वाटलं, आई आशीर्वाद देतेय. शहरात राहून माणूस देवाचं बोलणंही अर्धंच ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पांढरी जीप वस्तीवर आली. कऱ्हाडकडची माणसं. नाथाजी, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, नदीकाठी उसाचं रान, मिशा अजून कवायतीत असल्यासारख्या. आणि त्यांचा पोरगा जयराज. त्यानं रात्री मोबाइलवर पिवळी बघितली होती आणि बापाला झोपू दिलं नव्हतं.

जयराज गाडीभोवती फिरत होता तो देवाला प्रदक्षिणा घालावी तसा. नाथाजी मात्र लिंबाखाली बाजेवर बसून राहिले.

"ह्याला पुढं कोण घेणार?" त्यांनी सरळ विचारलं. "पांढरी गाडी इकती. पिवळी न्हाई. डिकीत खताचं एक पोतं मावत न्हाई. आमच्या रानाच्या वाटंला लावली तर बुलडोझरनं काढाय लागंल."

"आबा, ही काय खत आणायला आहे का?" जयराज म्हणाला. "पुण्यात सुद्धा ह्या रंगाच्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या असतील. अशी चीज परत मिळत न्हाई."

"मिळत न्हाई आनि इकत बी न्हाई. दोन्ही खरं."

बिरदेव पुढं सरकला. धंद्याची भाषा त्याच्या तोंडात आली की बापाचा भिडस्तपणा कुठल्या कुठं जातो. "सुभेदारसाब, नवी गाडी शोरूमच्या दारातनं भाईर पडली की भाव पडतोय. हिचा पडायचा तेवढा पडून झालाय. ते नुकसान शेटनं सोसलं. आता आजून खाली पडायला जागाच न्हाई. उलट जशी जुनी हुईल तशी शौकीन माणसं शोधत येत्याल. ही गाडी इकायला घेत न्हाईत, घिऊन ठेवायची असती. दारात उभी ऱ्हायली तरी तालुक्यात नाव."

"नावानं पोट भरतं व्हय रं?"

"पोट उसानं भरतंय की आबा," जयराज मधेच म्हणाला. "ही हौसंची."

बराच वेळ असं चाललं. जयराजनं गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. ती गुरगुरली की नाथाजी मान दुसरीकडं फिरवायचे, पण तानुबाईनं बघितलं, त्यांच्या पायाचा अंगठा ताल धरत होता. तिनं ओळखलं की गिऱ्हाईक पिकलंय.

शेवटी नाथाजी म्हणाले, "असं तोंडानं नगं. आमच्या रानात बी तुमच्याकडली मेंढरं बसायची. टाका घोंगडं."

घोंगडं आलं. सुभेदाराचा हात आणि बिरदेवचा हात खाली गेले. जयराज अचंब्यानं बघत राहिला, एवढी नव्या जगातली गाडी आणि सौदा घोंगड्याखाली! तानुबाई सवयीनं पोराच्या मागं जाऊन उभी राहिली. कालचं तिनं पोराला अजून सांगितलं नव्हतं, तरी डोळे कोपरावर. थोड्या वेळानं कोपर ढिलं पडलं. बापाचंच पोरगं शेवटी! तानुबाई खोकली. खोकल्यासरशी परड्यातून राघू दुडक्या चालीनं आला आणि तिच्या मांडीला नाक घासत उभा राहिला. बिरदेवचं कोपर ताठ झालं. नाथाजींनी मिशीखाली हसून आणखी एक बोट दाबलं, आणि घोंगडं बाजूला झालं.

"जमलं," नाथाजी म्हणाले.

बिरदेवच्या तोंडावर असं हसू आलं, की कळप विकल्यापासून तानुबाईनं ते बघितलं नव्हतं. आणि त्याच वेळी वाटेनं देवळाचा पुजारी म्हाळूनाना काठी टेकत येताना तिला दिसला.

"बिरदेवा," म्हाळूनाना म्हणाला, "देवाची वस्तू इकतोस व्हय रं?"

"कुठली देवाची वस्तू?"

"तुज्या आयनं काल भंडारा लावून सोडली की. समद्या वस्तीनं ऐकलंय."

बिरदेवनं आईकडं बघितलं. तानुबाईनं मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा तिला तोंड वर करावंसं वाटेना.

नाथाजी बाजेवरून उठले. चप्पल घातली. "देवाची असंल तर आमाला नगं बाबा. आमच्या घरी बी जोतिबा हाय. जयराज, चल."

"आबा!"

"चल म्हणलं न्हवं?"

बिरदेवनं हातपाय गाळले. आज दुपारीच विजापूरवाला यायचा होता. तो आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "आये, काय केलंस गं हे?"

तेव्हा म्हाळूनानाच म्हणाला, "आसं हातपाय गाळू नगं. देवाची वस्तू सोडवून घ्यायची रीत हाय. बदल्यात दुसरं द्यायचं. काय द्यायचं ते देवळात बसून ठरवायचं. सुभेदारसाब, तुमी बी या. देवानं मोकळी केली तर तुमचा वांधा न्हाई ना?"

नाथाजींनी विचार केला. "मोकळी झाली तर न्हाई."

तर अशा रीतीनं त्या जर्मन गाडीची किंमत ठरवायला बिरोबाच्या देवळात धनगरांची बैठक बसली. वस्तीवरचा सगळ्यात म्हातारा सिदाण्णा, त्याच्या जोडीला चार जाणती डोकी, म्हाळूनाना देवासमोर, कऱ्हाडचे दोघं खांबाला टेकून. बायका पायरीवर. राघू तानुबाईच्या मागं.

सिदाण्णानं आयुष्यात कधी गाडी घेतली नव्हती, पण किंमत करायला तो कचरत नव्हता. "दूध देतीया?"

"न्हाई."

"लोकर?"

"न्हाई, आण्णा."

"पिल्लं?"

लोक हसले. "लेंड्या बी न्हाईत," कुणीतरी मागून म्हणालं.

"खाती किती?"

बिरदेवनं सांगितलं. एका लिटरात किती पळते ते ऐकून सिदाण्णानं कपाळाला हात लावला. "आनि चालती कुठं? आपल्या वाटंनं चालत न्हाई. काल पोट खरडत आली. उन्हात बसवत न्हाई, चिखलात बसवत न्हाई. आरं, ही भाकड हाय! एक कोकरू दिऊन टाका देवाला आनि मोकळं व्हा."

बिरदेवला तेच पाहिजे होतं. बदल्यात जितकं थोडं जाईल तितकं बरं. तो घाईनं म्हणाला, "खरं हाय आण्णाचं. हिला भाव तरी कसला? पार्ट मिळत न्हाईत, मेकॅनिक मिळत न्हाई, दोन वर्सांनी निम्म्यात बी कोन घेत न्हाई..."

"का रं?" खांबाजवळून नाथाजींचा आवाज आला. "मघाशी तर म्हणालास, आजून पडायला जागा न्हाई."

बिरदेवचे कान लाल झाले. "साब, ते... ते भाईरलं. हे देवळातलं."

मग जो हशा झाला तो ओढ्यापर्यंत गेला असेल. जयराजसुद्धा हसला. म्हाळूनाना मात्र हसला नाही. त्यानं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "हातात घे. आनि एकच सांग. भाईरलं खरं का देवळातलं?"

भंडारा हातात घेऊन खोटं बोलायचं नाही. बिरदेवनं ताटातली मूठ उचलली. हळद त्याच्या घामेजल्या तळव्याला चिकटली.

"दोन्ही खरं," तो म्हणाला. "मी गाड्या घेतो ते परत काय येईल ते बघून. हिच्या टायमाला मी ते बघितलंच न्हाई. मला ती पायजे होती, बास. चावी फिरवली आनि डोकं चालंना झालं. बापानं आसं कवा केलं नसतं. हिचा भाव काय, मला ठावं न्हाई. ज्याला पायजे त्याला लाख, नसंल त्याला राख. सुभेदारसाब, तुमाला परत इकायची असंल तर घिऊ नगा. खरं सांगतो."

जयराज बापाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग नाथाजी हळूच म्हणाले, "परत इकायची कुणाला हाय? चाळीस वर्सं हिशेबानंच जगलो. पोराच्या आधी मलाच बसायचंय तिच्यात."

"मग कोकरू न्हाई चालायचं," म्हाळूनाना म्हणाला. "एवढा जीव जिच्यावर, ती कोकरू दिऊन सोडवताय व्हय? बदल्यात जाईल ते घरातलं पायजे, आनि देताना जीव दुखला पायजे. न्हाईतर ते देणं न्हाई."

पुन्हा वाद सुरू झाला. कुणी दोन मेंढ्या म्हणालं, कुणी देवळावर पत्रा. तानुबाई पायरीवर बसून ऐकत होती. गाडी आज जाईल, भागीदाराचं तोंड बंद होईल, विजापूरवाल्याला चहा पाजून परत लावता येईल. पण उद्या? तिनं पोराला आत्ता भंडारा हातात घेऊन बोलताना ऐकलं होतं. ह्याला पुन्हा एखादी निळी, एखादी तांबडी दिसणार, पुन्हा हा बाजार विसरणार, आणि पुन्हा जेवून हात धुऊन आईकडं न बघता बोलणार. आणि आपण काय जन्माला पुरणार आहोत का? आपल्या मागं राघूला कोण सांभाळील? विजापूरवाला तर आजही यायच्या वाटेवर होता. एकदा गाडीत घातला की राघू पुन्हा दिसायचा नाही.

देवाचं जनावर मात्र कुणी विकत नाही. विकणारा नाही आणि घेणाराही नाही.

ती उठून उभी राहिली. "राघू दिला," ती म्हणाली.

बिरदेव अर्धवट उठला. "आये, राघू नगं. आता गरज न्हाई त्याची. गाडी चालली की! राघू तुजा तुला ऱ्हाऊ दे."

"तूच तर गाडीचं नाक बघून भुललास ना रं? मग ह्येचं नाक काय कमी हाय?" ती म्हणाली, आणि राघूच्या मानेवर हात टाकला. "जीव दुखला पायजे म्हणाला ना नाना? दुखतोय. मांडा आता हिशेब."

सिदाण्णानं राघूच्या तोंडात बोटं घालून दात बघितले, उगाच, सवयीनं. मग मान डोलावली. "ह्यो बी दूध देत न्हाई," तो म्हणाला, पण ह्या वेळी कुणी हसलं नाही.

म्हाळूनानानं राघूच्या कपाळाला भंडारा लावला आणि वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, की आजपासून ह्याला दावं नाही. ह्याला कुणी बांधायचं नाही, कुणी माझा म्हणायचं नाही, कुणी हाक मारून बोलवायचं नाही. ज्याच्या दारात जाईल त्यानं घास द्यायचा. तानुबाईनं राघूच्या गळ्यातलं दावं सोडलं. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. धोंडुबाई मदतीला पुढं झाली तर तिनं तिचा हात झटकला.

दुपारी नाथाजी स्वतः पिवळी चालवत गेले. तीन गतिरोधकांवर तीन वेळा पोट घासलं, आणि तिन्ही वेळा आतून सुभेदाराचं हसू ऐकू आलं. बिरदेव त्या दिवशी शिरवळला गेला नाही. आईजवळ बसून राहिला. "आये, तुजं गेलं गं," म्हणाला आणि रडला.

"गेलंय कुटं? गावातच हाय," तानुबाई म्हणाली. विजापूरवाला आला तेव्हा तिनं त्याला दोन कप चहा पाजला.

त्याला आता बरेच दिवस झाले. राघू वस्तीभर फिरतो. लोक त्याला भाकरी देतात, गूळ देतात, काही शहाणे बिस्किटंही देतात. तानुबाई भांडत फिरते, "आरं, पोट फुगंल त्येचं! देव झाला म्हनून काय हगवन लागत न्हाई व्हय?" तेवढं बोलायला तिला बंदी नाही. तो तिच्या दारातही येतो, पण रोज नाही. धोंडुबाईच्या दारात हरभऱ्याची डाळ मिळते, हे त्याला कळलंय. बिरदेव आता पांढऱ्या गाड्याच आणतो. निदान आईला तसं सांगतो.

परवा संध्याकाळी तानुबाई चुलीपाशी होती. ओलं सरपण, घरभर धूर. राघू समोरच्या वाटेनं धोंडुबाईच्या घराकडं निघाला होता, सावकाश, इकडंतिकडं बघत. धूर घशात गेला आणि तिला खोकला आला. खरोखरीचा, आतून उचंबळून येणारा. आत्ता खोकलं तर तो वळून येणार, हे तिला माहीत होतं. आणि देवाच्या जनावराला बोलवायचं नाही.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छाती हलत होती. राघू पलीकडच्या दारात पोचेपर्यंत तिनं पदर काढला नाही.